घरातली सकाळ डॉक्टरांना कळू द्या

तपासणीच्या खोलीत नऊ वर्षांचा मुलगा शांत बसतो, ठोकळे जुळवतो, आकडे उलट क्रमानं म्हणून दाखवतो. समोरच्या ताई एका वेळी एकच काम देतात, ते झालं की पुढचं. टेबलावर दुसरं काही नसतं, गोंगाट नसतो. अहवालात येतं, ‘सहकार्य चांगलं, बुद्ध्यंक सर्वसाधारण.’ आईला ते वाचून काही उलगडत नाही. याच मुलाला घरी मोजे घालायला अर्धा तास लागतो.

‘आवर पटकन, रिक्षा येईल,’ असं आपण म्हणतो तेव्हा किती कामं एकदम सांगतो! हातातलं चित्र सोडायचं, उठायचं, आंघोळ, कपडे, नाश्ता, दप्तर, पाण्याची बाटली. त्यात मंगळवार असेल तर पीटीचा पांढरा गणवेश. यातलं प्रत्येक काम त्याला सुटं सुटं येतं. पण एक मोजा पायात, दुसरा हातात, अशा अवस्थेत तो पलंगाच्या कडेला बसून राहतो. ओरडलं की कान झाकतो. गणवेश बदललेला दिसला की सगळंच बिनसतं.

सुरुवात करणं, क्रम डोक्यात धरून ठेवणं, मधेच आलेली ऊर्मी आवरणं, एका कामातून दुसऱ्याकडे वळणं, या कामांना मानसशास्त्रात एक्झिक्युटिव्ह फंक्शनिंग म्हणतात. मेंदूच्या पुढच्या भागाचा त्यात मोठा वाटा असतो. अनेक स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांना नेमकं इथंच अडतं. खोलीत ते दिसत नाही, कारण तिथं सुरुवात, क्रम आणि थांबणं हे सगळं तपासणाराच पुरवत असतो. घरी ते मुलाला एकट्याला करावं लागतं. अशा चाचण्यांतले गुण आणि पालक-शिक्षकांनी भरलेल्या प्रश्नावल्या यांचा मेळ फारसा बसत नाही, हे संशोधनातही दिसलं आहे. म्हणूनच २००० साली आलेली ‘ब्रीफ’ ही ८६ प्रश्नांची प्रश्नावली मुलाऐवजी पालक आणि शिक्षकांकडून भरून घेतात.

स्वमग्नतेच्या निदानाचा इतिहासच मुळी एका वडिलांच्या पत्रापासून सुरू होतो. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या एका वकिलानं १९३८ साली आपल्या पाच वर्षांच्या मुलाची, डोनाल्डची, ३३ टंकलिखित पानांची हकिगत बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांना पाठवली. तो भांडी गरगर फिरवत बसतो, एकटा सोडला की सर्वांत खूश असतो, असे बारकावे त्यात होते. १९४३च्या कॅनर यांच्या प्रसिद्ध निबंधातल्या ११ मुलांत डोनाल्ड पहिला.

पुढे मात्र याच पालकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं गेलं. आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, हा समज कित्येक वर्षं टिकला. स्वतः स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ साली त्याला पुस्तकातून उत्तर दिलं. आपल्याकडे अजूनही ‘लाडावलाय’, ‘तूच मोबाईल दिलास’ असं आईला ऐकवलं जातं. असं ऐकत आलेली आई डॉक्टरांसमोर निम्मं सांगते आणि निम्मं गिळते. मला ही गोष्ट फार गंभीर वाटते, कारण त्या गिळलेल्या निम्म्यातच बरीचशी माहिती असते.

एक खुलासा इथं हवा. कामं अडणं म्हणजे स्वमग्नता नव्हे. एडीएचडीत, म्हणजे लक्ष टिकवण्याच्या अडचणीतही, तसं होतं. डीएसएम-५ या २०१३च्या निदानाच्या निकषांत स्वमग्नतेसाठी सामाजिक संवादातल्या अडचणी आणि तोचतोचपणा, ठरावीकपणाचा आग्रह हे दोन गाभ्याचे भाग आहेत, आणि ही लक्षणं लहानपणापासूनची असावी लागतात. आता नऊ वर्षांचा असलेला मुलगा दीड वर्षाचा असताना हाक मारल्यावर वळून बघायचा का, बोट दाखवून काही दाखवायचा का, हे घरच्यांशिवाय कोण सांगणार? आपल्याकडे दिव्यांग दाखल्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘आयसा’ या ४० मुद्द्यांच्या मापनश्रेणीतही मुलाच्या निरीक्षणाबरोबर पालकांची मुलाखत असते. ती घाईत उरकली तर येणारा आकडाही तितकाच कच्चा राहतो.

सांगताना ‘हट्टी आहे’ एवढ्यावर थांबू नका. काय घडलं, त्याआधी काय चाललं होतं, किती वेळ टिकलं, तुम्ही काय केल्यावर सुटलं, हे चार-आठ दिवस वहीत टिपा. जुन्या वाढदिवसाचे व्हिडिओ शोधून ठेवा. आजी म्हणते, ‘माझ्याकडे तर शहाण्यासारखा वागतो,’ तर त्यावर घरात वाद घालू नका. तेही डॉक्टरांना सांगा. आजीकडे जेवण, झोप, खेळ ठरल्या वेळी होत असेल आणि म्हणून तिथं त्याला जमत असेल, तर उपचारांची दिशा तिथूनच मिळते. चित्रांचा तक्ता, एका वेळी एकच सूचना, बदलाची आदल्या रात्री कल्पना, हे उपाय अशाच तपशिलांवरून ठरतात.

डॉक्टरांनाही विनंती आहे. बाहेर रांग असते, मान्य आहे. तरीही अहवालावर सही करण्याआधी आईला आणि बाबांना वेगवेगळं विचारा, ‘काल सकाळी उठल्यापासून शाळेत जाईपर्यंत काय काय झालं?’ आणि त्यांचं उत्तर पूर्ण होऊ द्या.