कापणीच्या लाटेवर स्वार

नोव्हेंबर-डिसेंबरात बंगळूरहून म्हैसूरच्या रस्त्यानं निघालात, तर ट्रकवर चढवलेलं एखादं अवाढव्य यंत्र नक्की शोधा. पुढे दातेरी पाती, वर गोल फिरणारी फिरकी, मागे धान्याची टाकी आणि चाकांच्या जागी रबरी पट्टे. हा भातकापणीचा हार्वेस्टर! त्याच्या नंबरप्लेटवर अनेकदा ‘टीएन’ लिहिलेलं असतं. म्हणजे स्वारी तमिळनाडूतून आली आहे आणि निघाली आहे वाटेतल्याच मंड्या जिल्ह्यातल्या भातशेतांकडे.

पण मंड्याच्या शेतकऱ्यांनी स्वतःचंच यंत्र का घेऊ नये? कारण त्याची किंमत कित्येक लाख रुपये, आणि एका गावातलं भात काही आठवड्यांत कापून संपतं. मग उरलेलं वर्ष यंत्र उभंच! त्यापेक्षा एका यंत्रानं गावोगाव फिरावं आणि शेतकऱ्यांनी ते भाड्यानं बोलवावं, हे सगळ्यांनाच परवडतं. म्हणून ड्रायव्हर, हेल्पर आणि दुरुस्ती करणारे मिस्त्री यंत्राबरोबर महिनोन्‌महिने फिरतात. शेताच्या कडेलाच मुक्काम, तिथेच चूल आणि तिथेच झोप.

आता खरी गंमत. यांना फिरून फिरून काम मिळतं, कारण सगळीकडचं पीक एकाच वेळी पिकत नाही. कावेरी नदीच पाहा ना. मंड्यात तिच्या कालव्यांचं पाणी पिऊन वाढलेलं भात नोव्हेंबर-डिसेंबरात तयार होतं. तीच कावेरी पुढे तमिळनाडूतल्या तंजावरकडे जाते. हो, तेच तंजावर, जिथे भोसल्यांचं राज्य होतं! तिथलं ‘सांबा’ नावाच्या हंगामाचं भात मात्र जानेवारी-फेब्रुवारीत पिकतं. नदी एकच, पण कापणीच्या वेळा दोन. मंड्याचं काम आटोपलं की यंत्रांना तिकडे काम तयार असतं.

गव्हाची गोष्ट तर आणखी भारी. महाराष्ट्रातला गहू फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चमध्ये कापणीला येतो. मार्च-एप्रिलमध्ये मध्य प्रदेशातला आणि एप्रिलच्या मध्यावर, बैसाखीच्या सुमारास, पंजाबातला. म्हणून ‘पीबी’ म्हणजे पंजाबच्या पाटीचे हार्वेस्टर आधी महाराष्ट्रात येतात आणि गहू कापत कापत घराकडे परततात. नकाशावर पिकलेल्या गव्हाची एक सोनेरी लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते, आणि ही माणसं तिच्याबरोबर चालतात.

ही लाट येते कुठून? पेरणी तर सगळीकडे साधारण नोव्हेंबरातच होते! उत्तर आहे ऊब. रोप दिवस मोजत नाही, ऊब साठवतं. समजा, त्याच्याकडे एक गल्ला आहे. गव्हासाठी 5 अंश सेल्सिअसच्या खाली वाढ जवळपास थांबते असं धरू. दिवसाचं सरासरी तापमान 20 अंश असेल, तर 20 वजा 5, म्हणजे 15 अंश गल्ल्यात पडले. थंडीत सरासरी 12 असेल, तर फक्त 7. गल्ला भरला की दाणा पिकला! पंजाबात हिवाळा कडक, म्हणून तिथे गल्ला भरायला पाच महिने लागतात. महाराष्ट्रात तो चार महिन्यांतच भरतो. रोजच्या तापमानाची अशी बेरीज करायची कल्पना रेने रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1735 मध्येच मांडली होती.

पीक तयार झालं की यंत्राची पाळी. फिरकी ताटं आत ओढते, पाती ती कापतात. कापलेलं पीक गरगर फिरणाऱ्या ड्रममध्ये जातं आणि दाणे सुटतात. खालच्या चाळण्यांवर पंख्याचा वारा भुसा उडवतो, आणि स्वच्छ दाणे टाकीत जमा होतात. कापणी, मळणी, उफणणी, तिन्ही कामं चालता चालता! भाताच्या ओल्या शेतात चाकं रुततात, म्हणून रबरी पट्टे. त्यामुळे यंत्राचं वजन मोठ्या जागेवर पसरतं.

पण नुसतं यंत्र असून भागत नाही. सकाळी दव असेल तर थांबावं लागतं, नाहीतर ओली ताटं ड्रमभोवती गुंडाळली जातात. ड्रम फार जोरात फिरवला तर दाणे फुटतात, हळू फिरवला तर ते ताटातच राहतात. मुरलेला ड्रायव्हर गव्हाचा दाणा दाताखाली चावून बघतो. कट्‌ असा आवाज आला, की गहू कापायला तयार. हेही विज्ञानच आहे, शेतात शिकलेलं.

अमेरिकेतही अशा टोळ्या फिरतात. मे महिन्यात टेक्सासपासून सुरुवात करून उन्हाळा संपेपर्यंत त्या थेट कॅनडाच्या सीमेपर्यंत पोचतात. 1944 मध्ये महायुद्धामुळे माणसं आणि यंत्रं दोन्ही कमी पडत होती. तेव्हा मॅसी-हॅरिस कंपनीचे 500 हार्वेस्टर याच वाटेनं निघाले आणि त्यांनी दहा लाख एकरांहून जास्त पीक कापलं!

पण प्रत्येक पीक यंत्रानंच कापतात असं नाही. बंगळूरच्या आसपास नाचणी पिकते. तिथे मात्र अजून खूप ठिकाणी विळा चालतो. नाचणीचं काड म्हणजे गाईगुरांचा उत्तम चारा, आणि विळ्यानं ते लांब, अखंड मिळतं. यंत्र बोलवावं की विळा उचलावा, हे शेतकरी गोठ्याकडे बघूनही ठरवतो.

आता तुमचं काम, उबेचा गल्ला मोजण्याचं. दुसऱ्या गावातल्या मावसभावाला किंवा आतेबहिणीला फोन करा. एकाच दिवशी दोघांनी कुंडीत मूग पेरा. रोजचं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान लिहा, दोन्हींची सरासरी काढा, तिच्यातून मुगासाठी 10 वजा करा आणि बेरीज करत जा. अंकुर मातीवर येईपर्यंत कुणाला किती दिवस लागले आणि कुणाची बेरीज किती झाली, ते ताडून बघा. आणि वाटेत एखादा हार्वेस्टर थांबलेला दिसला, तर मोठ्यांना बरोबर घेऊन त्या काकांना जरूर विचारा: आत्ता कुठून आलात आणि पुढे कुठलं पीक कापणार? आपल्या ताटातलं अन्न वेळेवर घरी यावं म्हणून ही माणसं महिनोन्‌महिने स्वतःच्या घरापासून दूर राहतात. त्यांना नमस्कार करायला विसरू नका.