साप म्हणताच छातीत धस्स!

मुलांनो, संध्याकाळी अंगणात पडलेली दोरी दिसली की छातीत धस्स होतं ना? मग भिंतीवर लोंबकळणारी विजेची वायर बघून का होत नाही? धोका तर तिथेही असतो!

'भित्रा कुठला' म्हणून कुणी हसलं, तर त्याला उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विनची गंमत सांगा. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जाड काचेमागे पफ ॲडर नावाचा विषारी साप होता. डार्विनने काचेजवळ तोंड नेलं आणि मनाशी पक्कं केलं, मागे सरायचं नाही. सापाने झेप घेतली मात्र, डार्विनसाहेब दोन-चार हात मागे! १८७२ सालच्या आपल्या पुस्तकात त्याने हे स्वतःच लिहिलंय.

काच फुटणार नाही हे डोक्याला ठाऊक होतं, पाय ऐकेनात. कारण लाखो वर्षं आपले पूर्वज सापांच्या शेजारी राहिले. जे चटकन मागे उडाले ते जगले, त्यांना मुलंबाळं झाली. आपण त्यांचेच वंशज. घरात वीज येऊन मात्र दीडशे वर्षंही झाली नाहीत. उत्क्रांतीच्या हिशेबात हा वेळ म्हणजे चिमूटभर!

मग ही भीती जन्मतःच असते का? इथेच खरी मजा आहे. अमेरिकेत सुसान मिनेका या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८०च्या दशकात माकडांवर प्रयोग केले. प्रयोगशाळेत वाढलेली ही माकडं सापाला घाबरतच नव्हती! मग त्यांना चित्रफीत दाखवली. तिच्यात दुसरं माकड सापाला बघून घाबरलेलं. झालं, हीसुद्धा घाबरायला लागली. पुढे चित्रफितीत जोडाजोड करून तेच माकड फुलाला घाबरलेलं दाखवलं. पण फुलाची भीती काही कुणी शिकलं नाही.

म्हणजे वारशात आयती भीती येत नाही, ती झटकन शिकण्याची तयारी येते. शिकवतात आजूबाजूचे. (आईबाबांनी हे वाक्य दोनदा वाचावं. पाल दिसली की कोण किंचाळतं?)

माणसाच्या प्रत्येक सवयीला 'पूर्वजांमुळे' म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यातल्या बऱ्याच गोष्टी नुसते अंदाज असतात. इथे प्रयोग झालाय, म्हणून एवढ्या खात्रीने सांगते.

आता ही भीती काही फुकटची नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. यात मोठा वाटा नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांचा. पण आपली उडी जात बघून थोडीच पडते! म्हणून उंदीर खाणारी, बिनविषारी बिचारी धामणसुद्धा काठीखाली सापडते.