वांगणीतून निघालेले इंग्रजी शब्द

आमच्या वांगणीचं नाव इंग्रजीत मी सात अक्षरांत लिहिते: डब्ल्यू, ए, एन, जी, ए, एन, आय. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर ही अक्षरं लिहून संध्याकाळी ओटीवर मांडते आणि मुलांना सांगते, यातून इंग्रजी शब्द काढा. जे अक्षर जितक्या वेळा आहे तितक्याच वेळा वापरायचं. म्हणजे ए दोनदा, एन दोनदा, बाकीची एकेकदाच.

आधी ‘विन’, ‘विग’ असे बारके शब्द निघतात. मग कुणी ‘गेन’ जुळवतं, शेजारची उरलेला ए पुढे सरकवते आणि ‘अगेन’ होतं. ‘नॉ’ म्हणजे कुरतडणे. त्याच्या सुरुवातीला जी लिहायचा पण उच्चारायचा नाही, हे कळलं की मुलं चिडतात. जुन्या इंग्रजीत हा जी खरोखर उच्चारला जायचा, पुढे तोंडातून गेला आणि लिहिण्यात राहिला, असं सांगितलं की त्यांना पटतं.

सात अक्षरं नुसती उलटसुलट मांडत बसलं तर वांगणीच्या 1260 वेगवेगळ्या मांडण्या होतात. त्या सगळ्या करून बघायला कुणाला वेळ आहे? म्हणून जोड्या आणि शेपट्या ओळखायला शिकवावं लागतं. आय, एन, जी ही तीन अक्षरं समोर दिसली की ती आधी एकत्र बाजूला काढायची, लावणीच्या वेळी राबातली रोपं उपटून मूठ बांधतो तशी. उरले डब्ल्यू, ए, एन, ए. आता त्या मुठीपुढे एकेक लावून बघा. नुसता डब्ल्यू लावला की ‘विंग’. डब्ल्यू-ए-एन लावलं की ‘वेनिंग’, म्हणजे चंद्राचं कलेकलेनं घटणं. तीच तीन अक्षरं ए-डब्ल्यू-एन अशी फिरवली की ‘ऑनिंग’, दारापुढचं कापडी छप्पर. पावसाळ्यात आमच्याकडे घरापुढे ताडपत्री बांधतात, त्यामुळे हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

‘वेनिंग’ आणि ‘ऑनिंग’ एकाच अक्षरांचे आहेत, हे डोळ्यांना चटकन दिसत नाही. ते ओळखायची एक पक्की रीत आहे. दोन्ही शब्दांची अक्षरं एबीसीडीच्या क्रमानं लावायची. दोन्हींची एकच ओळ येते: ए, जी, आय, एन, एन, डब्ल्यू. कॉम्प्युटरलाही हीच रीत शिकवतात. शब्दकोशातल्या प्रत्येक शब्दाची अशी क्रमवार ओळ एकदा करून ठेवली की तुमच्या अक्षरांची ओळ तिच्याशी ताडून बघायची, बस्स. एस, टी, ओ, पी ही चारच अक्षरं घ्या. मांडण्या 24, आणि त्यांतून ‘स्टॉप’, ‘स्पॉट’, ‘पोस्ट’, ‘पॉट्स’, ‘टॉप्स’, ‘ऑप्ट्स’ असे सहा शब्द.

महाराष्ट्रात 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून इंग्रजी आलं. आमच्या मुलांच्या घरी वारली, कोकणा, ठाकरी बोलली जाते, शाळेत मराठी, त्यावर ही तिसरी. मग स्पेलिंग घोकलं जातं. घोकलेलं स्पेलिंग एका जागी चुकलं की मूल तिथेच अडतं, कारण ते कसं बनलंय हे त्यानं कधी हातात घेऊन पाहिलेलंच नसतं. पुठ्ठ्यावर ते हातात येतं, मोडता येतं, पुन्हा जुळवता येतं. मला या खेळाचं एवढं वाटतं ते यासाठीच.

साधन मात्र विकत आणायचं नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, 1957 मध्ये ते कोसबाडला नेलं. महागड्या साधनांच्या जागी त्यांनी खडे, बिया, पानं वापरली. पुठ्ठा त्याच वाटेवरचा.

तुकडे किती करायचे, याला मात्र हिशेब आहे. सगळी अक्षरं सारखी केली तर ई लगेच संपतो आणि क्यू पडून राहतो. अमेरिकेतल्या मंदीत काम गेलेला आल्फ्रेड बट्स हा वास्तुरचनाकार वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावरची अक्षरं मोजत बसला आणि त्यावरून त्यानं खेळ रचला. 1948 मध्ये तो ‘स्क्रॅबल’ या नावानं बाजारात आला. त्याच्या 100 सोंगट्यांत ई 12 आहेत, ए आणि आय नऊ-नऊ, क्यू आणि झेड एकेकच. मीही साधारण त्याच प्रमाणात तुकडे कापते.

शब्द काढला की त्याचं एक वाक्य करून दाखवायचं, नाहीतर तो धरायचा नाही, हा आमचा नियम. भांडण झालं तर शब्दकोश उघडायचा. स्पेलिंगची पाटी बदलली की उत्तरंही बदलतात: कुणी वांगणी व्हीनं लिहिली तर ‘विंग’ गेला, पण पक्ष्यांबद्दलचा ‘एव्हियन’ आला.

आता मुलं एसटीच्या पाट्यांवरची नावंही फोडतात. जव्हारमधून ‘जॉ’, ‘जार’ आणि ‘अजार’ म्हणजे अर्धवट उघडं दार. पालघरमधून चक्क गणितातला ‘ग्राफ’. पाट्यांवरच कशाला, तारपा या वाद्याचं नाव इंग्रजीत लिहून अक्षरं फिरवली तर पाचही वापरून ‘अपार्ट’ होतो. मोखाड्यातून ‘ओक’ आणि ‘डॅम’ सगळ्यांनी काढले. ‘अमॉक’ एकाच मुलानं काढला. तो शब्द इंग्रजीत मलय भाषेतून आलाय. भान सुटून धुमाकूळ घालणं असा अर्थ. वाक्य कर म्हटल्यावर तो लगेच म्हणाला, ‘‘बाई, भातात रानडुक्कर शिरतं ना, तेच.’’