सैन्यातील मुलास काय धाडावे?

ज्या शेतकरी बंधूंचे मुलगे सैन्यात आहेत, त्यांजकरिता हे चार शब्द. आम्ही आमच्या पुतण्यास गेल्या पावसाळ्यात ओल्या नारळाच्या वड्या धाडिल्या. पार्सल पोहोचेतो त्या बुरसल्या. तेव्हापासून आम्ही टिकाऊ जिन्नसच धाडितो: तिळगुळाचे लाडू, फुटाणे, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि वर्ध्याचा गोरसपाक. गोरसपाक खुसखुशीत, सबब पत्र्याच्या डब्यात घट्ट बसवावा. वर कापड शिवून शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि त्याने कळविल्याप्रमाणे ‘५६ एपीओ’ अथवा ‘९९ एपीओ’ असे लिहावे. ठाण्याचे गाव लिहू नये.

आणि आत पत्र अवश्य घालावे. कपाशीस बोंडे कशी धरली, कोणती गाय व्याली, हे त्यात असावे. पुतण्याने लाडवांविषयी एकच ओळ लिहिली. पावसाविषयी मात्र चार प्रश्न विचारिले.