दख्खनच्या दगडाचं उगमस्थान

सँ-दनी (रियुनियन) : महाराष्ट्रातून इथे येणाऱ्याने समुद्राआधी रस्त्याकडेच्या कातळाकडे पाहावं. हा काळा, छिद्राछिद्रांचा बेसॉल्ट परका वाटत नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ज्या हॉटस्पॉटमधून निघालेल्या लाव्हाच्या थरांनी सह्याद्री रचला, तोच आज या बेटाखाली धगधगतो आहे, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. भारताचा भूखंड उत्तरेला सरकत गेला आणि वाटेत लक्षद्वीप-मालदीवची रांग, मॉरिशस आणि शेवटी रियुनियन अशा खुणा मागे राहिल्या. आपल्याकडे जे काम केव्हाच संपलं, ते इथे अजून चालू आहे.

बेट लहान आहे, क्षेत्रफळ जेमतेम 2,500 चौरस किलोमीटर. 1946 पासून हा फ्रान्सचाच एक प्रशासकीय विभाग आहे. मधोमध 3,070 मीटरचा पितों दे नेज, हिंदी महासागरातलं सर्वांत उंच शिखर. तो हजारो वर्षं शांत आहे. आग्नेयेचा पितों द ला फुर्नेझ मात्र जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. 1977 च्या एप्रिलमध्ये त्याचा लाव्हा पितों-सँत-रोज गावात शिरला, घरं गिळली आणि चर्चच्या दाराशी येऊन दोन्ही बाजूंनी वळून गेला. चर्च अजून उभं आहे. त्या उद्रेकानंतर 1979 मध्ये वेधशाळा उभी राहिली. तिची उपकरणं जमिनीचा बारीकसा फुगवटाही टिपतात.

इथलं हवामानही हे डोंगरच ठरवतात. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे पूर्वेच्या उतारांवर अडतात आणि तिथेच रिते होतात. पश्चिमेचं सँ-जिल पर्जन्यछायेत कोरडं पडतं. महाबळेश्वर आणि वाई डोळ्यांपुढे आणा, फक्त दिशा उलट करा. पूर्वेला पाणी, पश्चिमेला वस्ती आणि ऊसशेती, म्हणून इथल्या लोकांनी डोंगराच्या पोटातून बोगदे खोदून पाणी पलीकडे नेलं. 1989 पासून पंचवीसेक वर्षं हे काम चाललं. दुष्काळी तालुके पाहिलेल्या माणसाला त्या बोगद्यांचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

पण खरी कसोटी चक्रीवादळांची. 1966 च्या जानेवारीत फॉक-फॉक इथे 24 तासांत 1,825 मिलिमीटर पाऊस झाला. हा आजही जागतिक विक्रम आहे. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला होता, म्हणजे इथला पाऊस जवळपास त्याच्या दुप्पट! फेब्रुवारी 2007 मध्ये गामेद वादळ बेटावर आदळलंसुद्धा नाही, दुरून गेलं. तरी कोमर्सों विवराजवळ तीन दिवसांत 3,930 मिलिमीटर कोसळला. पुण्याला एवढा पाऊस पडायला पाच वर्षंही पुरत नाहीत. असाच पाऊस जुन्या ज्वालामुखीला कोरत आला आहे. पितों दे नेजभोवतीची माफात, सालाझी आणि सिलाओस ही तीन खोल कुंडं त्या झिजेतून आणि डोंगराचे कडे खचून घडली. माफातला आजही मोटाररस्ता नाही. सामान हेलिकॉप्टरने उतरतं, माणसं पायवाटेने जातात.

गामेदनंतर सुमारे महिनाभराने, एप्रिल 2007 मध्ये, फुर्नेझचा मोठा उद्रेक झाला. शिखरावरच्या दोलोमिय विवराचा तळ तीनशे मीटरहून जास्त खचला आणि लाव्हा किनाररस्ता गाडून समुद्रात शिरला. त्यानंतर कित्येक वर्षं पाऊस आला की त्या थरातून वाफा निघत. आता रस्ता पुन्हा त्याच थरावरून जातो. तिथला एक तुकडा मी उचलून उन्हात फिरवला. काळ्या दगडात पिवळट-हिरवे ऑलिव्हीनचे कण चमकत होते. तुकडा होता तिथेच ठेवला, कारण तो तिथलाच.

पाहायला येणार असाल तर मे ते नोव्हेंबर या कोरड्या महिन्यांत या आणि डोंगरावर पहाटेच पोहोचा. सकाळी दहाच्या सुमारास ढग चढतात आणि मग काही दिसत नाही. फुर्नेझकडे उतरणाऱ्या वाटेवरचं पा द बेलकोंबचं फाटक बंद असेल, तर उद्रेकाची शक्यता आहे असं समजून मुकाट्याने मागे फिरा.