खचलेल्या सीटला कमरेचा आधार

मोटारीच्या सीटच्या टेकणाचा जो भाग बसणाऱ्याच्या कमरेच्या खोलगटात येऊन तिला मागून तोलून धरतो, त्याला वाहन-व्यवसायात ‘लंबर सपोर्ट’ म्हणतात. पंधरा-वीस वर्षे चाललेल्या पिकअप ट्रकमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि चेसिस धडधाकट असताना कमरेचा हा आधार बहुधा केव्हाच नाहीसा झालेला असतो, आणि तो एकदम न तुटता वर्षानुवर्षे थोडाथोडा खचत गेल्यामुळे चालकाच्या ते ध्यानातही येत नाही. कमर दुखू लागली की दोष वयाला, रस्त्याला नाहीतर कामाला दिला जातो आणि पाठीमागे एखादी उशी खोचून वेळ मारून नेली जाते. हा इलाज तोकडा का पडतो आणि खरी दुरुस्ती कुठून सुरू करावी लागते, हे कळण्यासाठी आधी कमरेची व मग सीटची रचना पाहणे आवश्यक आहे.

कण्याच्या कमरेतील भागात पाच मणके असतात आणि माणूस उभा असताना या भागाला पुढच्या बाजूस नैसर्गिक बाक असतो. बसल्यावर मांड्या धडाशी काटकोनात आल्या की मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात, कमरेखालचा हाडांचा पट्टा, म्हणजे श्रोणी, मागे कलते आणि हा बाक सपाट होतो. अमेरिकेतील ओमाहा येथील मेंदू व मज्जासंस्थेचे शल्यचिकित्सक जे. जे. कीगन यांनी निरनिराळ्या स्थितींतील क्ष-किरण चित्रे घेऊन १९५३मध्ये ही गोष्ट सप्रमाण मांडली आणि आसनाच्या टेकणाने मुख्य आधार कमरेलाच द्यायला हवा, असे प्रतिपादन केले. पुढे १९६०च्या दशकात स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी मणक्यांमधील चकतीत सुई घालून तिच्यातील दाब प्रत्यक्ष मोजला, व आधाराविना बसलेल्या माणसाच्या चकतीवर उभ्या माणसापेक्षा अधिक दाब येतो, असा निष्कर्ष काढला. १९९९मध्ये जर्मनीतील हान्स-योआखिम विल्के यांच्या गटाने एका व्यक्तीवर केलेल्या मोजणीत मात्र सैलपणे बसण्यातला दाब उभे राहण्यापेक्षा जास्त आढळला नाही. पुढे वाकून बसल्यावर तो बराच वाढला. त्यामुळे केवळ दाबाचा आकडा पुढे करून कमरेच्या आधाराची थोरवी सांगणे आता योग्य ठरणार नाही. तासन्‌तास एकाच सपाट स्थितीत राहिलेल्या कमरेचे स्नायुबंध ताणून धरले जातात, स्नायू थकतात आणि हा थकवा टेकणाने वाटून घ्यायचा असतो, एवढे म्हणणे अधिक सुरक्षित आहे.

पिकअपमध्ये याच्या जोडीला हादरे येतात. मागच्या चाकांवरचे कमानपाटे भरलेल्या गाडीचे वजन पेलण्यासाठी ताठ केलेले असतात, म्हणून रिकामी गाडी अधिक उसळते. बसलेल्या माणसाचे धड सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वाधिक प्रतिसाद देते, आणि मालवाहू गाडीतील कंपनांचा मोठा हिस्सा याच पट्ट्याच्या आसपास असतो. अशा वेळी टेकणाशी पाठ घट्ट लागलेली नसेल तर प्रत्येक हिसक्याला धड सावरण्याचे काम एकट्या स्नायूंवर पडते.

कमरेचा आधार कमी-जास्त करता येण्याची सोय मोटारींत प्रथम नावारूपाला आणली ती व्हॉल्वोने, १९६५च्या सुमारास, आपल्या ‘अमेझॉन’ या गाडीच्या पुढच्या सीटमध्ये. अमेरिकी पिकअपमध्ये ती उशिरा आली, कारण पिकअप ही शेतावरची नि बांधकामावरची गाडी मानली जाई आणि तीत दारापासून दारापर्यंत एकच सलग बाक असे. १९७७पासून अमेरिकेत सर्वाधिक खपणारा पिकअप ठरलेली फोर्डची ‘एफ-मालिका’ किंवा शेव्हरोलेच्या गाड्या जसजशा घरगुती वापरात शिरल्या, तसतशा स्वतंत्र सीटा आणि त्यांच्याबरोबर हा आधारही त्यांत आला. आज ‘जुना पिकअप’ म्हणून तिकडे दुरुस्तीला येणाऱ्या गाड्या बहुतकरून याच पिढीतल्या आहेत.

अशा सीटचे टेकण मागून पुढे पाहत गेल्यास पाच थर आढळतात. सर्वांत मागे पोलादी चौकट असते. तिला नागमोडी स्प्रिंगा किंवा तारांची जाळी हुकांनी अडकवलेली असते. जाळीवर गोणपाट किंवा नमदा, त्यावर साच्यात ओतलेला पॉलियुरेथेन फोम आणि शेवटी कव्हर. आधार पुढे आणणारी यंत्रणा जाळीच्या जागी किंवा तिच्याआड बसवलेली असते. काही गाड्यांत ती लवचीक पट्ट्यांची असते आणि मूठ किंवा तरफ फिरवली की एक केबल ताणली जाऊन पट्ट्या धनुष्यासारख्या पुढे वाकतात. काहींत हेच काम छोटी विद्युत मोटर करते. तर काहींत हवेची पिशवी फुगवली जाते.

खचण्याची सुरुवात दिसते पुढून, पण ती झालेली असते बहुधा मागून. हुकाखालची प्लास्टिकची क्लिप उन्हाने ठिसूळ होऊन तुटते, जाळीचा एक कोपरा सुटतो, आणि सुटलेले टोक प्रत्येक खड्ड्याला फोममध्ये थोडे थोडे घुसत राहते. गोणपाट कुजलेले असेल तर ती तार फोमला करवतीसारखी कापते. असे टेकण उघडले की आतून पिवळट भुगा सांडतो, तारेने फोममध्ये पाडलेली लांबट चीर दिसते, आणि जिथे तार चौकटीला घासत होती तिथे रंग जाऊन लोखंडाची चकचकीत रेघ उमटलेली असते. दुरुस्ती करणाऱ्याने ही रेघ आवर्जून शोधावी, कारण मूळ दोष बहुतेक वेळा तिच्याच जवळ सापडतो. फोमही आपल्या परीने थकतो. उष्णता, दमटपणा आणि सततची दाबणूक यांमुळे त्याच्या सूक्ष्म पेशींच्या भिंती मोडतात आणि भार काढल्यावरही तो पूर्ण उंचीला परत येत नाही. ही झीज दोन्ही बाजूंना सारखी नसते. चालक दाराकडून घसरत आत-बाहेर करतो, त्यामुळे अमेरिकी गाडीत डावी कड आधी बसते, भारतातील गाडीत उजवी.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती बैठक, म्हणजे सीटचा खालचा भाग. कमरेचा आधार दबलेल्या बैठकीपासून साधारण पंधरा ते पंचवीस सेंटीमीटर उंचीवर यावा लागतो. बैठकीचा फोम तीन-चार सेंटीमीटर खचला तर चालक तितकाच खाली जातो, टेकण मात्र होते तिथेच राहते. परिणामी पूर्वी कमरेच्या खोलगटात बसणारा फुगवटा आता बरगड्यांच्या खालच्या कडेला टोचू लागतो. असा चालक टोचणी टाळण्यासाठी नितंब पुढे सरकवतो आणि कमर पुन्हा मोकळी पडते. टेकणावर कितीही खर्च केला, तरी बैठक न उचलता केलेली दुरुस्ती वाया जाते, हे म्हणूनच पुन्हापुन्हा सांगावे लागते. पाठीमागे खोचलेल्या उशीचा दोषही याच जातीचा आहे. ती सर्व पाठ सरसकट पुढे ढकलते, हादऱ्यांबरोबर सरकते आणि चालकाला सुकाणूच्या अधिक जवळ नेते.

प्रत्यक्ष काम हाती घेण्यापूर्वी एक दक्षता अनिवार्य आहे. सीटच्या कुशीत एअरबॅग असेल, आणि सीटखालच्या पिवळ्या जोडण्यांवरून तिची शंका घेता येते, तर बॅटरी सोडवून निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबल्याखेरीज कशालाही हात लावू नये. अशा टेकणावर नवे जाड कव्हर शिवून एअरबॅगची वाटही बंद करू नये. १९९९पासून विकल्या गेलेल्या शेव्हरोले सिल्व्हराडोच्या वाढीव केबिनच्या गाड्यांत पुढच्या सीटचा सुरक्षापट्टा सीटमध्येच गुंफलेला आहे. अपघाताचा सगळा ओढा अशा चौकटीवर येतो, त्यामुळे तिला तडा गेला असल्यास गल्लीतले वेल्डिंग चालत नाही, चौकटच बदलावी लागते.

कव्हराची खालची कड प्लास्टिकच्या खाचपट्टीने अडकवलेली असते आणि वरचा भाग फोमच्या खाचेतून जाणाऱ्या तारेला लहान धातूच्या कड्यांनी बांधलेला असतो. या कड्या कापून कव्हर वर गुंडाळत नेले की यंत्रणा उघडी पडते. केबल तुटलेली किंवा तिचे टोक खाचेतून निसटलेले असेल तर ती बदलता येते. मोटर फिरत नसेल तर ती टाकून देण्याआधी फ्यूज, स्विच आणि जोडणीत १२ व्होल्ट पोहोचतात की नाही हे पाहावे. हवेची पिशवी साबणाच्या पाण्याने तपासावी, आणि गळती पिशवीपेक्षा नळीच्या सांध्यात अधिक वेळा असते, हे ध्यानात ठेवावे. पिशवी बहुधा रबराची नसते, त्यामुळे सायकलच्या ट्यूबचे ठिगळ तिच्यावर टिकत नाही. सुटलेली जाळी जाड तारेने किंवा पोलादी क्लिपने चौकटीशी पुन्हा बांधून, घासणाऱ्या प्रत्येक जागी रबरी नळीचा तुकडा चढवावा आणि वर नवा नमदा घालावा. हा स्वस्त थर वगळला तर नवा फोमही त्याच तारेने कापला जातो.

फोम निवडताना बाजारात घनतेचा आकडा सांगितला जातो. ‘४० डेन्सिटी’ म्हणजे घनमीटरला ४० किलो वजन. या आकड्यावरून टिकाऊपणाचा अंदाज येतो, कडकपणाचा येत नाही, कारण त्याच घनतेचा फोम मऊही मिळतो व कडकही. कमरेसाठी आत कडक आणि वर मऊ असे दोन थर जोडावेत. मूळ साच्याचा शाबूत भाग काढून टाकू नये, खचलेलाच भाग कापून तिथे नवा तुकडा बसवावा आणि त्याच्या कडा उतरत्या कराव्यात. सोल्यूशन फक्त कडांना आणि बेताने लावावे, नाहीतर वाळलेल्या थराची ताठ शिवण पाठीला जाणवते. फुगवटा दोन-तीन सेंटीमीटर पुरतो. अधिक घातला की पहिल्या दिवशी सुखद वाटतो आणि लांबच्या प्रवासात असह्य होतो, म्हणून येथे हात आखडता घेणारा कारागीरच खरा जाणकार म्हणावा. कव्हर पुन्हा चढवण्याआधी त्याला थोडे ऊन दाखवले तर रेग्झिन मऊ पडते आणि शिवणी उसवत नाहीत.

महाराष्ट्रातील रस्त्यांवरच्या जुन्या बोलेरो पिकअप किंवा टाटा २०७ यांसारख्या गाड्यांत अशी मूठ किंवा मोटर सहसा नसते. तेथे कमरेचा आधार म्हणजे केवळ फोम आणि स्प्रिंग. त्यामुळे तेथील दुरुस्ती अधिक सोपी आणि स्वस्त असते. कुशनवाल्याकडे सीट टाकताना मात्र ‘नवे कव्हर घाला’ एवढेच सांगितले जाते, आणि खचलेल्या फोमवर चकचकीत रेग्झिन चढवून सीट परत येते. स्प्रिंग व नमदा पाहून, बैठकीची उंची मोजून आणि चालकाला प्रत्यक्ष बसवून कमरेची जागा खडूने आखून घेतली, तर त्याच कारागिराच्या हातून, फोमची किंमत तेवढी जास्त देऊन, वेगळेच काम होते.

काम संपल्यावर चालकाला किमान अर्धा तास गाडी चालवायला द्यावी आणि खिशातले पाकीट काढून ठेवायला सांगावे. बैठक उचलली गेल्यामुळे त्याची नजर वर आलेली असते, गुडघ्यांचा कोन बदललेला असतो, आणि क्लचपर्यंत पाय पोहोचवण्यासाठी सीट एखादी खाच पुढे घ्यावी लागते; तेव्हा सीट सरकवून झाल्यावर आतला आणि बाहेरचे दोन्ही आरसे नव्याने लावून घेणे हा त्या दुरुस्तीचाच भाग आहे.