काहुइताची फुकट वाट
कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचं काहुइता गाव संपतं, तिथेच राष्ट्रीय उद्यान सुरू होतं. गावाकडच्या दाराला तिकीट नाही. वहीत नाव लिहायचं, जमेल ती देणगी द्यायची. डावीकडे समुद्र, उजवीकडे दलदलीचं जंगल. केळं काढायला सॅक उघडली मात्र, माकडानं ते पळवलं आणि माझ्यासमोरच सोलून खाल्लं. चूक माझीच!

१९९१च्या भूकंपात हा किनारा वर उचलला गेला. बरंच प्रवाळ उघडं पडून मेलं.

संध्याकाळी गावात राजमा-भात, नारळाच्या दुधात शिजवलेला. जमैकाहून आलेल्यांच्या वंशजांचं हे रांधप. आत अख्खी मिरची, न फोडता सोडलेली. आपल्या मालवणी तिखटापुढे मवाळच. जाल तेव्हा सॅकची चेन मात्र लावून ठेवा.